घोडा बंद करू का?

ताई, माझा मुलगा १६ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. तेव्हापासून सारखा चिडतो, मारामाऱ्या करतो. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं. दिवाळीपासून शेजारचे अश्वपाल काका, म्हणजे घोडेवाले, त्याला घोड्याच्या कामाला माथेरानला घेऊन जातात. आता पहाटे पाचला स्वतःहून उठतो, पण पुस्तकाला हात लावत नाही. 'पास झालास तरच घोडा,' असं बजावलं, तर दोन दिवस जेवला नाही. नातेवाईक म्हणतात, पोराला घोडेवाला करणार का? मागे त्याच्या हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या होत्या, आता नाहीत. घोडा बंद करू का?
– एक आई, नेरळ

बंद करू नका. आणि 'पास झालास तरच' ही अट आजच मागे घ्या, त्याला तसं स्पष्ट सांगून.

वडील गेल्यावर सगळे त्याची काळजी करत होते, पण त्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. आता अडतं. खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासणं, नीट झाला नाही, तर खोगिराखाली पाठ सोलते. खुरातला खडा राहिला, तर दस्तुरीवरून बाजारपेठेकडे जाताना जनावर लंगडतं. इथे चूक कुणी ओरडून दाखवत नाही, ती घोड्याच्या अंगावर दिसते. शिवाय तबेल्यात चिडून चालत नाही. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले होते; २०१६ साली त्यांनी मांडलं की रागीट चेहरा पाहिल्यावर घोड्यांचे ठोके जास्त झपाट्याने वाढले. तुमचा मुलगा रोज त्या परीक्षेला बसतोय. अशी गोष्ट बक्षीस म्हणून द्यायची नसते आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायची नसते.

नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. माथेरानात मोटारींना बंदी आहे, तिथे माणसं आणि सामान घोड्यावर चढतं. तुमच्या नातेवाइकांनीही कधीतरी घोड्यावर बसून फोटो काढला असेलच.

पण घोड्याला देव्हाऱ्यातही बसवू नका. तो काकांच्या पोटापाण्याचा आहे. पावसाळ्यात पर्यटक रोडावतात, कमाई आटते. चंदी-वैरण मात्र रोजची. उद्या अडचणीपायी काकांनी घोडा विकला, तर मुलाचा सगळा आधार एका दिवसात जाईल. म्हणून काकांशी मोकळेपणाने बोला. तास किती, पैसे किती, बसताना हेल्मेट आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणं मला पटत नाही, माणूस कितीही भला असो.

अभ्यासाचं तुम्ही काही दिवस बोलूच नका, काकांना बोलू द्या. राहिलेल्या दोन विषयांचा फॉर्म जुन्या शाळेतूनच भरता येतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते. ती हुकली तर फेब्रुवारी-मार्चची आहेच. घोड्यांच्या डॉक्टरकीसाठी बारावी सायन्स, 'नीट' ही प्रवेश परीक्षा आणि पुढे साडेपाच वर्षं लागतात. ते गाजर आत्ताच दाखवू नका. खूर नखासारखं वाढत राहतं, दर दीड-दोन महिन्यांनी नाल काढून खूर तासावं लागतं. नालबंद आला की त्याच्या हाताखाली बसू द्या. कशात जीव रमतो ते तिथे कळेल.

आता ब्लेडच्या खुणांबद्दल. तुम्ही ती गोष्ट एका ओळीत उरकलीत, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलंय. घोड्यामुळे तो सावरतोय असं वाटतं, पण हे काम घोड्यावर सोपवता येणार नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालत असेल, तर खुणा गेल्या की झाकल्या, हे तुम्हाला ठाऊक नाही. आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तुम्ही स्वतः फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. मुलाशी विषय कसा काढायचा ते त्यांना विचारा, आणि जमलं तर स्वतःबद्दलही बोला. नवरा तुमचाही गेलाय. मग मुलाला एकांतात थेट विचारा, 'तुला मरावंसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. रागावू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण उत्तर पूर्ण ऐका. 'हो' म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, घरातली ब्लेडं आणि औषधं हलवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात घेऊन जा. त्या दिवशी तबेल्यात तो का आला नाही, हे काकांना नंतर सांगता येईल.