ती गाय कोणाची? (लेकीला पत्र)

प्रिय पिल्लू,

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर आजी आणि मामी गाईच्या पुढ्यात ताम्हन घेऊन उभ्या होत्या आणि तू लगेच विचारलंस, ही गाय आपली आहे का? आपली नाही म्हटल्यावर, मग आजी तिला का ओवाळतीये? आणि नंतर गाडीत बसल्या बसल्या पुढचा प्रश्न, मग आपण आपल्या कुत्र्याला, शेरूला, कधीच का ओवाळत नाही, तो तर आपलाच आहे. गाडीत मी म्हटलं होतं सांगते घरी गेल्यावर. पण हे नुसतं बोलून उडून जाण्यापेक्षा लिहूनच द्यावं असं वाटलं, तुझं मराठी वाचन आता छान व्हायला लागलंय, परत परत काढून वाचता येईल. जरा लांबणार आहे, दूध-बिस्किट घेऊन बस.

तर गाय पलीकडच्या आळीतल्या दूधवाल्या काकांची आहे. तो दिवस म्हणजे वसुबारस, आश्विन महिन्यातली वद्य द्वादशी, आणि आपल्याकडे दिवाळी तिथनंच सुरू होते. त्या दिवशी कुठलीही गाय चालत नाही, जिचं वासरू तिच्याजवळ आहे अशीच गाय लागते, आणि पूजा दोघांची करायची. आजीच्या गावात, वाईत, आता घरोघरी गोठे राहिले नाहीत, पण ज्यांच्याकडे गाय-वासरू आहे त्यांच्याकडे संध्याकाळी आळीतल्या सगळ्या बायका जातात, आधी फोन वगैरे करायची पद्धत नाहीये, दूधवाल्या काकू दारातच असतात, या या म्हणतात, आणि आज ती जरा मारकी झालीये तर लांबूनच कुंकू लावा हे पण सांगतात. पायावर पाणी घालायचं, हळदकुंकू, फूल, ओवाळायचं, आणि घास भरवायचा. वासरू सारखं ताटातलीच फुलं खायला बघतं आणि त्याला कोणी रागवत नाही.

आजी त्या दिवशी गहू आणि मूग खात नाही, आणि दूध, दही, तूपसुद्धा नाही. रात्री बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. दूध का नाही हे मी तुझ्याएवढी असताना माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीला विचारलं होतं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आजचं दूध वासराचं." बास एवढंच. वर्षभर आपण त्याच्या वाट्यातलं घेतो तर एक दिवस तरी ते त्याचं. मला विचारशील तर अख्ख्या दिवाळीत मला हे सगळ्यात जास्त आवडतं, फटाके, कपडे, फराळ सगळं त्याच्यानंतर.

आता आपली का नाही हा प्रश्न. कसंय ना, गावात जनावर नेमकं कोणाचं हे इतकं पक्कं नसतं. गाईचं असतं, म्हशीचं असतं कारण त्यांचं दूध विकलं जातं, पण कुत्री-मांजरं सगळ्यांची. आमच्या आळीत एक तांबडा कुत्रा होता, मोत्या, तो कोणाचा असं विचारलं असतं तर चार घरांनी आमचा म्हणून सांगितलं असतं, सकाळी तो एसटी स्टँडपर्यंत कोणालातरी सोडायला जायचा, दुपारी आमच्या ओसरीवर झोपायचा आणि रात्री अजून कुठेतरी. आजी सगळ्यांची जेवणं झाली की भाकरीचा शेवटचा चतकोर घेऊन दारात यायची, हाक नाही मारायची, नुसती कडी वाजवायची, आणि तो यायचा. मांजरीचं तर तुला सांगितलंय, ती पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमची मनी खरंच फिरवायची, एक दिवस आमच्या माळ्यावर, दोन दिवसांनी शेजारच्यांच्या जुन्या ट्रंकेत, आणि ज्यांच्याकडे पिल्लं असतील त्यांच्याकडे आम्ही सगळी पोरं शाळा सुटल्यावर. इथे शेरूचं लायसन्स आहे, गळ्यात टॅग आहे, त्याचा डॉक्टर वेगळा आहे, त्याची किती नीट काळजी घेतली जाते, हे मला मनापासून आवडतं. मोत्याच्या वाट्याला हे आलं नाही. फटाके सुरू झाले की तो आमच्या मोरीत जाऊन थरथरत बसायचा आणि तुझा मामा त्याच्याशेजारी पोतं टाकून बसून राहायचा. म्हणून मामा अजूनही फटाके उडवत नाही, तू परवा विचारलं होतंस ना.

तू शाळेतनं आल्यावर हे पण विचारलं होतंस की तिकडे फॉल असतो का. इथल्यासारखा नसतो. इथे दिवस लहान होतात, थंडी पडायला लागते म्हणून मेपल पानं टाकून देतो. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये झाडांच्या मुळाशी पावसाचं पाणी मुरलेलं असतं, ती कशाला पानं टाकतील, आपल्याकडची पानगळ शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीच्या पुढे, जमीन कोरडी पडायला लागली की पाणी वाचवायला. आश्विनात झाडं हिरवीगार आणि डोंगरावरचं गवत तेवढं पिवळं पडायला लागलेलं. आणि ऊन! पाऊस गेल्यावर आभाळ एकदम धुतल्यासारखं होतं, ढग नाहीत, त्यामुळे ऊन सरळ अंगावर, आणि जमीन अजून ओली त्यामुळे घाम. ऑक्टोबर हीट म्हणतात त्याला. म्हणजे तू जॅकेट घालून पानांच्या ढिगात उड्या मारतेस त्या महिन्यात आम्ही पंखा लावून बसायचो. खरी थंडी दिवाळीच्या पहाटे, अंगाला उटणं लावताना, तेव्हा पहिल्यांदा काकडायला व्हायचं.

पण तरी तो महिना किती भरलेला असतो सांगू. नवरात्रात देवघरात काळ्या मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवसांत ते वीतभर वाढतं, आणि दसऱ्याला आजोबा त्यातले कोंब टोपीत खोचायचे, आम्हा मुलींच्या केसात. आपट्याची पानं सोनं म्हणून देतात हे तुला माहितीये. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, ते तुला नसेल माहिती. त्या दिवशी हत्यारांची पूजा, पण आपल्यासारख्या घरात हत्यार म्हणजे काय, तर विळी, कोयता, आजीचं शिलाई मशीन, आजोबांची करवत, मामाची स्कूटर. सगळं पुसून, तेल देऊन, झेंडूचं फूल घालून मांडायचं. एसटीलासुद्धा हार असतो पुढे. आणि पूजेला मांडलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नाहीत, म्हणून आजी भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवायची.

ते मला गाईच्या पूजेसारखंच वाटतं. जो आपल्यासाठी वर्षभर राबतो त्याला एक दिवस सुट्टी आणि एक दिवस मान, मग तो बैल असो नाहीतर विळी. बैलांचा दिवस तर पावसाळ्यातच होऊन जातो, आपल्याकडे साताऱ्याच्या बाजूला आषाढात बेंदूर, विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि तेल-लोण्याने चोळतात, जिथे जू घासून घासून कातडी राठ होते ना नेमकी तीच जागा, खांदेमळण म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी खायला द्यायची, आणि काम बिलकुल नाही. म्हशींचं पण आहे, कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून आणतात, सगर म्हणतात, चकचकीत काळ्या म्हशी, शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, आणि लोक दोन्ही बाजूंनी गर्दी करून बघतात. तुला एकदा दाखवायचंच आहे मला.

आणि आता शेरू. तू म्हणालीस की आपल्यात कुत्र्याला काहीच नाही, तर तसं नाहीये पिल्लू. आजीच्या स्वयंपाकघरात दत्ताचं कॅलेंडर आहे, पुढच्या वेळी कॉलवर नीट बघ, दत्ताच्या मागे गाय आणि पायाशी चार कुत्रे आहेत. आणि आपलं कुलदैवत खंडोबा, त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो. त्या खंडोबाचा दिवस म्हणजे चंपाषष्ठी, मार्गशीर्ष महिन्यात, दिवाळीनंतर साधारण महिन्याभराने. चातुर्मासात आजी कांदा आणि वांगं खात नाही ना, ते त्या दिवसापासून परत सुरू होतं, वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा असा नैवेद्य, आणि त्यातला घास देवाला दाखवल्यावर गाईला आणि कुत्र्याला देतात. मोत्याला त्या दिवशी कडी वाजवायची वाट बघावी लागायची नाही. तेव्हा या वर्षी चंपाषष्ठीला आपण शेरूला ओवाळू, कपाळाला हळद लावू, आजीला विचारून सगळं करू. फक्त भरीत त्याला द्यायचं नाही, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना खरंच बाधतो, डॉक्टरांनी पण सांगितलंय. नुसता रोडगा, थोडं तूप लावून, तेवढा पुरे.

तू अजून एक विचारलंस, तिकडे मॉल नाही, ट्रँपोलिन पार्क नाही, तुम्हाला बोअर नाही व्हायचं का. खरं सांगते, ऑक्टोबरमध्ये तर नाहीच. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे प्राजक्ताची फुलं वेचायला पळायचं, ती रात्री फुलतात आणि पहाटे गळतात, उशीर केला तर ऊन लागून मलूल होतात किंवा शेजारचीने वेचलेली असतात. हस्त नक्षत्र लागलं, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, की हादगा, पाटावर हत्ती काढायचा आणि फेर धरून गाणी, पुण्यात त्यालाच भोंडला म्हणतात. शेवटी खिरापत ओळखायची, डबा वाजवून वास घेऊन ओळखायचा प्रयत्न, आणि माझी आई मुद्दाम असं काही करायची की कोणालाच ओळखता यायचं नाही. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध, आणि त्या दिवशी घरातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात, म्हणून तुला मी परवा ओवाळलं आणि दादूस रुसला. तो धाकटा आहे, त्याला समजावून सांग.

आणि शेंगा. भुईमूग काढायचे दिवस असतात, शेतावरनं मामाचे मित्र वेलासकट शेंगा आणून टाकायचे ओसरीवर, मातीचा वास, ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि मोठ्या परातीत मध्ये ठेवायच्या, घरातले सगळे, आलेले गेलेले, भोवती बसून खातायत आणि गप्पा, टरफलांचा ढीग, आणि मनी त्या टरफलांत घुसून खेळतीये. कोणी काही ठरवलेलं नसायचं. आजोबा कृष्णेवर घाटाकडे फिरायला निघाले होते तेही थांबायचे. मला वाटतं की माझ्या आठवणीतली वाई ही जास्त करून त्या परातीभोवतीचीच आहे, ढोल्या गणपती आणि घाट वगैरे फोटोत छान दिसतात पण मला आठवण येते ती याची.

आता किल्ल्याचं. दादूसने आणि तू गॅरेजमध्ये करायचा म्हणताय ते चालेल, बाहेर थंडी आहे आणि खारी सगळं उकरतील. मी खोकी आणि जुनं पोतं काढून ठेवलंय, त्याच्यावर माती लिंपायची, मातीची पिशवी बाबा आणतायत. मोहरी आजच पेरायची, म्हणजे भाऊबीजेपर्यंत हिरवं दिसायला लागेल, आणि ट्रे खिडकीपाशी ठेवायचा, गॅरेजमध्ये उगवणार नाही. मामाने पाठवलेले मावळे वरच्या कपाटात आहेत, महाराज सगळ्यात वर बसवायचे आणि पहारेकरी दरवाजाशी. गुहा हवी असेल तर आधीच सांग, मागून करता येत नाही, माती ढासळते. दगड मात्र तुम्ही दोघांनी आणायचे, मागच्या कुंपणाजवळचे चपटे चपटे, पायऱ्यांना लागतील.

तुझीच,
आई