चालू झालं म्हणजे बरोबर झालं असं नाही: घरातलं विजेचं काम कुणी करावं?

प्रश्न थोडक्यात असा: दोन सॉकेट सैल झालेत, एका दिव्याचं बटण काम करत नाही, आणि बाथरूममध्ये गीझरसाठी नवा पॉइंट हवा आहे. तुम्ही म्हणता, व्हिडिओ बघून सगळं स्वतः करतो. घरचे म्हणतात, विजेला हातच लावायचा नाही. माझं उत्तर दोन्ही बाजूंना अर्धंच पटेल. सॉकेट आणि बटण तुम्ही खुशाल बदला. गीझरचा पॉइंट मात्र लायसन्सवाल्याकडून करून घ्या.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, बरोबर आहे, सोपं ते स्वतः आणि अवघड ते माणसाकडून. ही विभागणी सगळेच करतात आणि मला तीच मान्य नाही. गीझरचा पॉइंट मुळात अवघड नाहीच. खाच मारणं, पाइपातून वायर ओढणं, टोकं सोलून स्क्रूखाली घेणं, हे हाताला वळण असलेला कुणीही करू शकतो. पंचाईत अशी की विजेचं काम चुकलं तरी चालतं. अर्थिंगची वायर कुठे जोडलीच नाही, तरी गीझर तापतो. फेज-न्यूट्रल उलटे लागले, तरी तापतो. स्क्रू अर्धवट आवळला, तरी तापतो, आणि कित्येक महिने बिनबोभाट तापत राहतो. काम झालं की नाही ते बघून कळतं. बरोबर झालं का, ते मोजल्याशिवाय कळत नाही. लायसन्सवाल्याला पैसे द्यायचे ते या मोजण्याचे आणि मोजलेल्या आकड्याखाली सही करण्याचे.

अर्थिंगचंच घ्या. गीझरचं एलिमेंट फुटलं आणि फेज बॉडीला लागला, की अर्थच्या वायरीतून मोठा करंट जावा आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) पडावा, अशी व्यवस्था असते. आता १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी ताबडतोब पडेल याची खात्री कधी? त्यातून दहापट, म्हणजे १६० अँपिअर गेले तर. २३० व्होल्टवर १६० अँपिअर जायचे तर फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या सगळ्या वाटेचा रोध साधारण १.४ ओहमच्या आत हवा. समजा कुठेतरी गंजलेला क्लॅम्प आहे आणि तो रोध १० ओहम भरला. मग करंट जाईल २३ अँपिअर. आणि एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे रेटिंगच्या १.४५ पट करंटला पडायला त्याला तासापर्यंत मुभा असते. १६ चे १.४५ पट म्हणजे २३.२. तेवढा वेळ गीझरची टाकी आणि तिला जोडलेला धातूचा पाइप जिवंत राहू शकतो, आणि एमसीबी नियमाप्रमाणेच वागत असतो! १.४ आणि १० यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, टेस्टरने कळत नाही, साध्या मल्टिमीटरनेही धड मिळत नाही. त्याला लूप, म्हणजे ही सगळी वाट, मोजायचं मीटर लागतं.

म्हणूनच आरसीसीबी, म्हणजे करंट वाट सोडून गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी असतो वायरीसाठी, माणसासाठी नाही. या दोन्हींची गल्लत मी भल्याभल्यांना करताना बघितलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी माणसाच्या हाताचे स्नायू किती करंटला आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, याचा अभ्यास केला. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास निघाली, स्त्रियांची त्याहून कमी. शॉकपासून वाचवणारं, अमेरिकेत घरोघरी पोचलेलं उपकरण पुढे त्यांनीच शोधलं. आज घरात बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि तेवढ्या गळतीला त्याने ०.३ सेकंदाच्या आत पडायचं असतं. १६ अँपिअरच्या एमसीबीशी तुलना केलीत तर फरक पाचशे पटींहून जास्त. पण आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर त्याच्या दृष्टीने तुम्हीही एक उपकरणच. गळती नाही, म्हणून तो पडणार नाही. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा.

आता तुमच्या सैल सॉकेटकडे येतो. ते उघडलंत की सगळ्यात आधी वायरीचा रंग बघा. एकाच स्क्रूजवळ प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, तिथलंच इन्सुलेशन कडक होऊन बोटाने मोडतंय, आणि बाकीचे दोन स्क्रू अगदी स्वच्छ, असं दिसलं तर तिथे जॉइंट तापत होता. किती तापतो याचा हिशेब सोपा आहे. १३ अँपिअर करंट आणि सैल स्क्रूखाली अवघा ०.२ ओहम रोध धरा. करंटच्या वर्गाला रोधाने गुणलं की जवळपास ३४ वॅट होतात. रेडिओ दुरुस्त करायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. ते भिंतीतल्या डबीत, ७० अंशांपर्यंतच चालणाऱ्या पीव्हीसीला टेकवून ठेवल्यासारखं झालं. करंट तेरा तो तेराच, त्यामुळे एमसीबीला पत्ता नाही. गळतीही नाही, म्हणून आरसीसीबीही गप्प. घरात कसला तरी जळका, माशासारखा वास येतो पण कुठून ते कळत नाही, असं झालं तर असाच जॉइंट शोधायचा.

जळका भाग असेल तर वायर मागे कापायची आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत सोलायची. सोलताना एक-दोन तारा तुटल्या तर "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नका, पुन्हा कापा. तारा पिळून घ्या. बारीक वायर असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. टर्मिनलमध्ये पूर्ण आत घाला, स्क्रू आवळा, आणि मग प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघा. ही शेवटची ओढ कंटाळा करून सोडून देतात आणि निम्मे लूज कनेक्शन तिथेच जन्माला येतात. इन्सुलेशन स्क्रूखाली सापडलं नाही ना, तेही बघा. सापडलं तर स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि तांब्याला टेकलेलाच नसतो.

मागे वायर कापायला लांबीच उरली नसेल, किंवा काळेपणा पाइपाच्या आतपर्यंत गेला असेल, तर तिथेच थांबा. ते काम तुमचं राहिलं नाही.

हे सगळं करण्याआधी लाइन बंद करायची, हे काय सांगायला हवं? सांगायला हवं. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि जुन्या घरांत एका सर्किटने दुसऱ्याचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो. तो सोडवलात आणि पलीकडे काही चालू असलं, तर सुटलेल्या टोकावर फेज येऊन बसतो. म्हणून एमसीबी पाडून भागवू नका, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन बंद करा. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही त्याच्या लाइनी चालूच राहतात. सोलर असेल तर तोही वेगळा बंद करायचा. आणि मेनजवळ घरातल्या माणसाला सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी फ्रिज बंद पडला म्हणून जाऊन तो वर करतं.

मग तपासायचं, आणि तेही तीन वेळा: आधी चालू असलेल्या ठिकाणी मीटर दाखवतो ना ते बघायचं, मग आपल्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि मग पुन्हा चालू ठिकाणी. मेन बंद असताना चालू ठिकाण आणायचं कुठून? इन्व्हर्टरच्या एखाद्या लाइनीवर किंवा मेनच्या आधीच्या बाजूला. तिथे हात घालावा लागणार असेल, तर मीटर सिद्ध करणारं छोटं बॅटरीचं उपकरण मिळतं, ते घ्या. मीटर मधल्या वेळात बिघडला तर शून्यच दाखवतो, आणि त्या शून्यावर विसंबून हात घातला जातो. खिशातला निऑनचा टेस्टर यासाठी वापरू नका. तो तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या इवल्याशा करंटवर पेटतो. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलात तर जिवंत वायरीवरही मंद दिसेल, आणि उजेडात दिसणारही नाही. त्याचा उपयोग शोधाशोधीला चांगला. उदाहरणार्थ, सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय आणि काहीच चालत नाही, तर बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो. हा तुटलेला न्यूट्रल शोधणं मात्र घरच्या घरी करू नका, विशेषतः थ्री फेज घरात. तिथे मेनचा न्यूट्रल गेला तर काही उपकरणांवर २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज जातं.

दिव्याच्या बटणाबद्दल एकच गोष्ट. उघडाल तेव्हा त्यात फेजच आला आहे ना, याची खात्री करा. कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. दिवा व्यवस्थित लागतो, विझतो, पण विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, आणि बल्ब बदलायला बोटं तिथेच जातात. रंगावर विसंबू नका. फेजसाठी कुठे तपकिरी, कुठे लाल, कुठे काळा असतो. ब्रिटनने २००४ च्या सुमारास रंगच बदलले, त्यामुळे तिथल्या एकाच घरात दोन्ही पद्धती सापडतात. एका देशातला काळा फेज दुसऱ्या देशात न्यूट्रल असतो. व्हिडिओ कुठल्या देशातला आहे हे न बघता त्यातला रंग घेऊन कामाला लागणारे महाभाग कमी नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात घरातल्या पक्क्या वायरिंगला बिनलायसन्सचा माणूस हात लावू शकत नाही. इंग्लंडमध्ये घरमालकाला बरंच करता येतं, पण नवं सर्किट टाकलं की ते कळवावं आणि प्रमाणित करून घ्यावं लागतं. भारतात १९५६ च्या वीज नियमांत एक वाक्य होतं ते मला फार नेमकं वाटतं: दिवे, पंखे, फ्यूज, बटणं यांची अशी अदलाबदल, जिने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ती सोडून बाकी सगळं काम लायसन्सधारक ठेकेदाराकडून. तुमचं सॉकेट त्या वाक्यात बसतं. गीझर बसत नाही, कारण त्याने लोड वाढतो. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. तो जवळच्या दिव्यांच्या लाइनीवरून घेतला की तिथला ६ किंवा १० चा एमसीबी पडतो, मग कुणीतरी हुशारीने तिथे २० चा घालतो, आणि आतली वायर तीच बारीक राहते. तुमच्याकडचा सध्याचा नियम आणि घराच्या विम्याच्या अटी एकदा वाचून घ्या.

राहिला प्रश्न माणूस कसा ओळखायचा. लायसन्स ठेकेदाराचं असतं आणि कामाला येतो त्याच्याकडचा पोरगा, हे सर्रास चालतं. माझी त्याला हरकत नाही, कारण पोरांचा हात कधीकधी मालकापेक्षा चांगला असतो. पण तपासणीला सही करणारा माणूस आला पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या. विचारायचे प्रश्न दोनच: इन्सुलेशन ५०० व्होल्टवर तपासणार का, आणि लूपचा आकडा लिहून देणार का? इन्सुलेशन किमान १ मेगओहम भरायला हवं. नव्या वायरिंगचं त्याच्या कितीतरी पट जास्त येतं. "त्याची काही गरज नसते साहेब, मी गॅरंटी देतो" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा, मग लायसन्स भिंतीवर फ्रेम करून लावलेलं का असेना.

पैसे वाचवायचे असतील तर ते इथे वाचवा: पॉइंटची जागा ठरवून भिंतीवर खूण करा. खाच त्याला विचारून तुम्ही मारा, सरळ उभी किंवा आडवी, तिरकी नाही. तिरक्या वायरीत पुढे कुणाचा तरी खिळा जातो. प्लॅस्टर करण्याआधी मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. डीबीमधल्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीतल्या, प्रत्येक एमसीबीला नाव लिहा, हे तर आजच करता येईल.

आणि तो आला की तुम्ही बदललेले दोन्ही सॉकेट मेन बंद करून त्याच्यासमोर उघडा. चांगला माणूस असेल तर स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक स्क्रूला थोडा पीळ देऊन बघेल. एखादा पाव फेरा फिरला तर कुठला फिरला ते लक्षात ठेवा. बटण बसवताना तसला स्क्रू पुन्हा भेटेल.