झिपची लेव्हल: आधी 6 वरच राहू दे

भाऊ, जळगावच्या व्यापाऱ्यासाठी रोजच्या कापूस-पावत्यांची झिप पायथनमधून बनवतोयस, आणि लेव्हल (फाइल किती जोरात दाबायची तो आकडा) 9 टाकूनही फाइल तेवढीच राहते म्हणतोस. बहुतेक तुझी चूक तीच आहे, जी मीही केली होती.

पायथनचं झिपफाइल मॉड्यूल काही न सांगता फाइली नुसत्या भरतं, दाबत नाही. मूळ पद्धत 'झिप_स्टोअर्ड' असते. ती तशीच ठेवून लेव्हल कितीही दे, काही फरक पडत नाही आणि एररही येत नाही. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली, वांग्याचं भरीत गार झालं ते वेगळंच. आधी पद्धत 'झिप_डीफ्लेटेड' (ही खरोखर दाबते) कर, मग लेव्हलचं बघ. लेव्हल देण्याची सोय पायथन 3.7 पासून आहे, तेव्हा क्लायंटच्या जुन्या मशीनवर व्हर्जन तपासून घे.

आकडे सोपे आहेत:
- 0 म्हणजे दाबणं नाही
- 1 सगळ्यात वेगवान
- 9 सगळ्यात हळू. 6 च्या तुलनेत फाइल बहुधा थोडीशीच लहान होते

काही दिलं नाहीस तर 6 धरलं जातं. ते पुरे.

दुसरी चूक, जेपीजी फोटोंवर 9 लावणं. जिनिंग-प्रेसिंगमधून दाबून निघालेली कापसाची गाठ हाताने दाबून लहान होते का? ते फोटो आधीच दाबलेले असतात, नुसते भर. सीएसव्ही आणि टेक्स्ट मात्र मस्त आटतात.

एलझेडएमए वगैरे दाबण्याच्या दुसऱ्या पद्धती सध्या सोड. आधी तुझ्याच एका दिवसाच्या पावत्या 1, 6 आणि 9 वर चालवून वेळ नि आकार लिहून काढ.