वळिवड्याचे कागद वेबसाइटवर ठेवताना

प्रश्न : कोल्हापूरजवळ वळिवडे स्टेशनपाशी आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांतली बरीच कुटुंबं आजोबांकडून सामान न्यायची. त्या वेळची उधारीची वही, एका कुटुंबाचे काही फोटो आणि दोन पत्रं घरात आहेत. त्या कुटुंबातल्या नातीनं इंग्लंडहून तिच्या आजीच्या रशियन कागदांचे स्कॅन पाठवलेत. हे सगळं वेबसाइटवर ठेवायचंय. मोबाइलवर फोटो काढून टाकले तर चालेल का, ताई?
— एक वाचक, वळिवडे

उत्तर : नुसते फोटो टाकू नका. अभिलेखागारात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. छळाचा कागद लोकांपुढे ठेवायचा, तर तो कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला हे त्याच पानावर दिसलं पाहिजे. असे कागद बहुतेक वेळा छळणाऱ्यांच्याच कचेरीत तयार झालेले असतात. ते त्यांचीच बाजू सांगतात.

तुमच्याकडच्या रशियन कागदांत १९४१ चा सुटकेचा दाखला आहे का पाहा. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला. १० फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार खेपांत घरंच्या घरं मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडली. पुढं हिटलरनं रशियावर हल्ला केला, ३० जुलै १९४१ ला पोलंड-सोव्हिएत करार झाला आणि १२ ऑगस्टच्या हुकुमानं या लोकांना ‘माफी’ मिळाली. आता हा दाखला एकटाच स्क्रीनवर आला, तर वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई शिक्षा भोगून सुटलेली कैदी होती. तिनं काही गुन्हा केलेला नव्हता. तिच्याबरोबर गाडीत कोंबलेल्या पोरांनी तर नाहीच नाही. म्हणून दाखल्याखाली चार ओळी लिहा : कुठल्या यंत्रणेनं दिला, का दिला, तिला घरातून कधी उचललं, ती इराणमार्गे वळिवड्याला कशी पोचली. नातीला विचारा, तिला यातलं बरंच ठाऊक असेल.

जर्मनीतल्या आरोल्सन आर्काइव्ह्जनं हे काम मन लावून केलंय. नाझी छळाचे सुमारे तीन कोटी दस्तऐवज तिथं आहेत, युनेस्कोनं २०१३ मध्ये त्यांची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. नाझी छळछावणीतलं एखादं कार्ड कुणी भरायचं, त्यावरच्या खुणा काय सांगतात, हे त्यांच्या ई-गाइडमध्ये नमुन्यासह समजावलंय. तुमचा विषय सोव्हिएत छळाचा, त्यामुळे तुमचे कागद तिथं सापडायचे नाहीत. मांडणी कशी करायची, एवढ्यासाठी मात्र ते जरूर बघा.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगते. सपाट स्कॅनरवर, रंगीत, निदान ४०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ४०० ठिपके) करा. मूळ फाइल टिफ या प्रकारात ठेवा, त्यात तपशील गळत नाही; साइटवर हलकी जेपीईजी चालेल. पाठकोऱ्या दिसणाऱ्या पानाचीही मागची बाजू घ्या, फोटोच्या पाठीवर नाव-तारीख हमखास असते. कागद ‘स्वच्छ’ करणारं ॲप नको, फिकट शिक्के त्यात पहिल्यांदा पुसले जातात. लॅमिनेशन आणि सेलोटेपला तर हातही लावू नका!

शोधायची सोय नीट करा, खरी मेहनत तिथं आहे. एकाच बाईचं नाव पोलिश पत्रात रोमन लिपीत, रशियन दाखल्यात सिरिलिकमध्ये आणि तुमच्या वहीत आजोबांना ऐकू आलं तसं असणार. पोलिश आडनावं बाईला आणि पुरुषाला वेगळीही असतात, नवरा कोवाल्स्की तर बायको कोवाल्स्का. म्हणून प्रत्येक नावाची सगळी रूपं एका तक्त्यात जोडा. वही मोडीत असेल तर लिप्यंतर शेजारी द्या.

आणि त्या वहीला दुय्यम समजू नका हं. छावणीत साधारण पाच हजार माणसं होती, बायका आणि मुलंच जास्त. सरकारी कागदात ती यादीतल्या ओळी होऊन येतात. आजोबांच्या वहीत साखर किती नेली, पैसे कधी दिले, हिशेब कसा मिटवला हे आहे. सैबेरियात भुकेनं माणसं गमावलेली आई इथं स्वतःच्या हातानं पोरांसाठी साखर घेत होती, हे दुसरा कुठला कागद सांगणार? रशियन दाखला आणि वहीचं पान साइटवर शेजारीशेजारी लावा, ही माझी कळकळीची विनंती.

परवानगीचं विसरू नका. पत्राचा कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणारीच्या वारसांचा असतो. त्या वेळची लहान मुलं आजही हयात असू शकतात, तेव्हा आजारपण किंवा अनाथपणाच्या नोंदी विचारल्याशिवाय उघड्या करू नका.

प्रश्न : आम्ही सिंधी. फाळणीनंतर याच छावणीच्या बराकींत आमचं कुटुंब राहायला आलं. आमचे कागद अशा साइटवर शोभतील का?
— एक वाचक, गांधीनगर (कोल्हापूर)

उत्तर : शोभतील की! फक्त संग्रह वेगळा ठेवा. दोन्ही समाजांची घरं सुटली, पण कारणं वेगळी, कागद देणारी सरकारंही वेगळी. जोडायचं ते जागेनं. छावणीचा नकाशा मिळवा आणि कागदांवर जिथं बराकीचा नंबर सापडेल, तिथं पोलिश आणि सिंधी दोन्ही नोंदी त्या नंबरावर लावा. नंबर कागदावर नसेल तर घरातल्या थोरांना नकाशा दाखवून विचारा आणि कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे नोंदीत लिहा.