वही विसरली कोणी?

मी ठाण्यात मुलांची समुपदेशक आहे. शाळा सुरू होऊन महिना झाला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. "मॅडम, शाळेतून सारख्या तक्रारी येतात. वही आणत नाही, सूचना ऐकत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. एडीएचडी तर नसेल ना?" (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुलाला सतत जड जातं, तो विकार.) पालक नौपाड्यातले असोत, वर्तकनगरचे असोत की घोडबंदर रोडच्या टॉवरमधले, काळजी तीच. म्हणून एका घराची हकीकत सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं मोजक्या संवादांत आणलं आहे.

ओंकार तिसरीत, सेमी-इंग्रजी शाळेत. आई बँकेत, वडील ऐरोलीला आयटी कंपनीत, घरी आजी. आई आली ती मोबाईलमध्ये पुरावे घेऊनच. डायरीतल्या प्रत्येक शेऱ्याचा फोटो तारखेनुसार जपून ठेवलेला.

अशा वेळी मी आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगते. ‘फळ्यावरचं उतरवत नाही’ या तक्रारीमागे नुसता चष्म्याचा नंबर निघालेली मुलं मी पाहिली आहेत. ओंकारचं दोन्ही ठीक निघालं. एडीएचडीचं म्हणाल, तर त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा, क्लास अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी असावी लागतात. ओंकार कराटेच्या क्लासला रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबायचा, घरी आजीची औषधं वेळेवर आठवण करून द्यायचा. शंका वाटली की मी मुलाला तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवते. इथे मला ती वाटली नाही.

मग मी त्याच्याशी एकट्याशी बोलले.

"टीचर गृहपाठ सांगतात तेव्हा तू काय करतोस?"

"दप्तर भरतो."

"मग घरी कसं कळतं काय करायचंय?"

"आईच्या ग्रुपवर येतं."

"आणि नाही आलं तर?"

माझ्या अज्ञानाची त्याला दया आली असावी. "आई विचारते ना. कुणीतरी टाकतंच."

"वही घरी राहिली तर?"

"आजी रिक्षाने आणून देते. वॉचमनकाका वर्गात पाठवतात."

मला जे हवं होतं ते या चार उत्तरांत आलं. बाई वर्गात जे सांगतात ते संध्याकाळी आईच्या मोबाईलवर पुन्हा येणार, राहिलेली वस्तू गेटवर येणार, मग ऐकायचं कशाला? मुलगा बेफिकीर नव्हता, हिशेबी होता. नको तिथे लक्ष खर्च करत नव्हता, इतकंच.

इथे थोडं शाळेच्या बाजूने बोलते. जूनमध्ये बऱ्याच पालकांची कुरकुर असते की बाई पहिले काही दिवस शिकवतच नाहीत, नुसत्या रांगा लावतात, वह्या कुठे ठेवायच्या ते सांगतात, परिपाठाला कसं उभं राहायचं ते घोकून घेतात. अहो, तेच शिकवणं आहे! शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. आपल्याकडच्या अनेक खासगी वर्गांत त्याहून बरीच जास्त मुलं बसतात. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी दोन-तीन सूचनाच मावतात. वही काढणं, तारीख लिहिणं, समास आखणं हे हाताच्या सवयीने झालं तर लक्ष हातच्याच्या बेरजेसाठी उरतं. नाहीतर ते पेन्सिल शोधण्यातच संपतं. वर्गाची घडी ही बाईंची हौस नसते, शिकण्यासाठी केलेली जागा असते.

माझा ओढा ऑस्ट्रियातले मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांच्या विचारांकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं सुरू केली, ती शाळांशी जोडलेली. तिथे मुलाबद्दल बोलताना आईवडिलांबरोबर शिक्षकही असत. त्यांच्या विचारातली एक गोष्ट मी कायम हाताशी ठेवते: मुलाच्या वागण्याचं कारण शोधताना ‘हा असा का?’ याच्याबरोबर ‘असं वागून याला काय मिळतं?’ हेही विचारायचं. ओंकारला काय मिळतं ते कळलं होतं. पण एका व्यवहारात दोन माणसं असतात. आईला काय मिळत होतं?

पुढच्या भेटीला आईवडील दोघे आले.

"परवा वही पोचवली नसती तर काय झालं असतं?"

"बाईंनी शेरा लिहिला असता."

"कुणाला?"

"ओंकारला," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मीही थांबले. या कामात कुठे विचारायचं हे लवकर जमतं. विचारून झाल्यावर गप्प बसणं जमायला वर्षं लागतात. वडील काहीतरी बोलणार होते, त्यांना मी हातानेच थोपवलं.

"खरं सांगू मॅडम? शेरा वाचला की मलाच नापास केल्यासारखं वाटतं. आई दिवसभर बाहेर, म्हणून मुलाचं असं होतं, हेच सगळे म्हणत असणार."

"कुणी म्हणालं?"

"नाही. पण ग्रुपवर बाकीच्या आया बरोब्बर सगळं टाकतात."

यावर वडील म्हणाले, "मी तर त्या ग्रुपमध्ये नाहीच." त्यांना वाटलं, आपण वाद मिटवला. (नाव पालकांचा ग्रुप, पण त्यात वडील किती, हे एकदा मोजून पाहा.)

मला उलगडलं ते हे. आजी रिक्षाने जात होती ती ओंकारच्या वहीसाठी नव्हे, आईचं नाव खराब होऊ नये म्हणून. शेरा लिहिलेला मुलाला, लागत होता आईला. मग मुलापर्यंत तो पोचणार कसा? सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या विसरण्याची किंमत कळायची, तर ती त्याच्याच हातात पडायला हवी. इथे ती दुसऱ्याच कुणीतरी रोज चुकती करत होतं, तीही प्रेमाने. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, उलट हसल्या. "म्हणजे तिसरीत मीच बसतेय," म्हणाल्या. तिथून पुढचं काम सोपं होतं.

आम्ही बाईंना डायरीत चार ओळींची चिठ्ठी लिहिली: आजपासून ओंकारची विसरलेली वही आम्ही आणून देणार नाही, गृहपाठ त्याने स्वतः टिपून आणायचा आहे, राहिला तर तुम्ही त्याच्याशीच बोला. बाईंनी खाली लिहिलं, ‘धन्यवाद. नक्की आणून देणार नाही ना?’ त्या प्रश्नचिन्हात त्यांची कितीतरी वर्षं होती.

घरी ठरलं ते एवढंच. दप्तर रात्री जेवणाआधी, वेळापत्रक पाहून, ओंकारने भरायचं. आईने शेजारी बसायचं, पण हात लावायचा नाही. आधी ओंकारने आजचं सांगायचं, मग ग्रुप उघडायचा. आणि आजीची रिक्षा बंद. सर्वांत जास्त त्रास आजीला झाला, हे सांगायला हवं. "एवढंसं पोर, त्याला बोलणी बसतील," म्हणून त्या दोन दिवस माझ्यावर नाराज होत्या.

पहिल्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. गणिताची वही राहिली, सुट्ट्या कागदावर लिहावं लागलं, घरी येऊन पुन्हा वहीत उतरवावं लागलं. चिडचिड झाली. चित्रकलेच्या तासाला रंगपेटी नव्हती, बाकावरच्या मुलीकडून खडू मागावे लागले, आणि तिने लाल दिला नाही. आईने त्या दिवशी बँकेतून मला फोन केला, "घेऊन जाऊ का?" मी म्हटलं, "लाल खडूवाचून चित्र होतं."

नंतर एके दिवशी आईने सांगितलं ते मी कुणालाही शिकवलं नव्हतं. हस्तकलेचं सामान विसरू नये म्हणून ओंकारने रात्री ते आपल्या शाळेच्या बुटात कोंबून ठेवलं होतं. सामान काढल्याशिवाय बूट घालता येणार नाही! ‘काय काय न्यायचं’ याचा तक्ता कुठल्या समुपदेशकाने भिंतीवर चिकटवला असता तर तो आठवड्यात फाटला असता. ही युक्ती त्याची स्वतःची होती, म्हणून टिकली.

तुमच्या घरी हे करायचं तर मुलाची इयत्ता पाहा. पहिली-दुसरीच्या मुलाकडे एकच काम द्या, डबा आणि बाटली जागेवर ठेवण्याएवढं, आणि ते रोज त्याच वेळी. दप्तर भरताना तुम्ही सोबत हवेच. तिसरी-चौथीला वेळापत्रक त्याच्या हाती द्या. विसरल्यावर ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य गिळा. परिणाम बोलतोय, तुम्ही मध्ये बोलू नका. पालकसभेला मार्क विचारून झाले की एवढं जरूर विचारा: वर्गात कोणती कामं हा न सांगता करतो, आणि कोणत्या कामाला तुम्हाला अजून आठवण करावी लागते? मग घरी त्यातलं एकच घ्या. आणि हो, शाळेने काही विसरल्याबद्दल मुलाला मारलं किंवा वर्गासमोर अपमान केला, तर तो ‘परिणाम’ नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. तिथे गप्प बसू नका, मुख्याध्यापकांना भेटा.

डायरीत शेरे अजून येतात, कमी येतात. आई त्यांचे फोटो काढत नाही. शेरा दाखवून सही ओंकारच घेतो. परवा आजीने भीतभीत विचारलं, डबा राहिला तरी नेऊन द्यायचा नाही का? द्यायचा. डबा, पाणी, चष्मा आणि औषध माझ्या नियमात येत नाहीत. त्यासाठी रिक्षा खुशाल करा.