खाडीचा गाळ, बुरशीने भरलेली प्लेट आणि ‘नवे’ प्रतिजैविक

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या खाडीतला गाळ अगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमाच्या) प्लेटवर पसरला, तर दोन दिवसांत बुरशी आणि बॅसिलस या भराभर वाढणाऱ्या जिवाणूने सगळी प्लेट व्यापली. अ‍ॅक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू वाढवणारा, प्रतिजैविके बनवणारा जिवाणू) एकही मिळाला नाही. काय चुकते?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : ओला गाळ सरळ पसरला की भराभर वाढणारेच जिंकतात. आधी त्यांना अडवा. १ मिलि ओला गाळ ४ मिलि निर्जंतुक समुद्रपाण्यात मिसळून ५५ अंश सेल्सिअसला ६ मिनिटे ठेवा, जोरात हलवा, पुन्हा चौपट पातळ करून ५० मायक्रोलिटर पसरा. दुसरी पद्धत कोरडी : १० ग्रॅम गाळ लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात) रात्रभर वाळवून खलात हलका कुटा. निर्जंतुक फोमचा बोळा त्यावर दाबून प्लेटवर गोलाकार ठसे उमटवत जा. शेवटचे ठसे आपोआप विरळ होतात.

मात्र उष्णतेने बॅसिलसचे बीजाणू मरत नाहीत, तुमची अडचण तीच असावी. त्यासाठी माध्यमात मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक आणि बुरशीसाठी १०० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाला. (सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे, हातमोजे घालूनच तोला.) रिफाम्पिसिनने बरेच स्ट्रेप्टोमायसिसही (हेही अ‍ॅक्टिनोमायसीटच) जातात, म्हणून निम्म्या प्लेट त्याशिवाय ठेवा. ओल्या अगारवर बॅसिलस पोहत पसरतो. प्लेट आधी नीट सुकवून घ्या.

माध्यम साधेच : स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४, पेप्टोन २, अगार १८, गाळलेले समुद्रपाणी १ लिटर. ऑटोक्लेव्हनंतर थोडा साका दिसतो, तो चालतो. मग २५ ते २८ अंशांना दोन ते सहा आठवडे थांबायचे. प्लेट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर अगार तडकतो. आठवडाभरात प्लेट फेकून देणे ही सर्रास होणारी चूक. अगारमध्ये रुतलेल्या, सुईने सहज न निघणाऱ्या चिवट वसाहती उचला. नारिंगी रंगाची, नंतर काळपट होणारी, पांढरी भुकटी न धरणारी वसाहत दिसली तर ती सॅलिनिस्पोरा या समुद्री अ‍ॅक्टिनोमायसीटची असू शकते. बहामाजवळच्या गाळातल्या याच प्रजातीच्या जिवाणूपासून अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या विल्यम फेनिकल यांच्या गटाने २००३ मध्ये सॅलिनोस्पोरामाइड ए हा कर्करोगाच्या पेशी मारणारा रेणू जाहीर केला. खाडीत जमिनीवरून वाहून आलेले स्ट्रेप्टोमायसिस भरपूर असतात, म्हणून प्रत्येक वाण (वेगळा केलेला जिवाणू) डिस्टिल्ड वॉटरच्या माध्यमावरही लावून पाहा. तिथे जो वाढत नाही, तो खरा समुद्राचा.

प्रश्न : इथिल अ‍ॅसिटेटच्या द्रावकाने काढलेल्या वाणाच्या अर्काभोवती स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या प्लेटवर १८ मिमीचे, जंतू न वाढलेले वर्तुळ आले. हे नवे प्रतिजैविक म्हणता येईल का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. नुसता द्रावक सुकवलेली चकती आणि न पेरलेल्या माध्यमाचा अर्क, दोन्हींची वर्तुळे आधी पाहा. मग एलसी-एमएस (अर्कातले रेणू वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणारी चाचणी) करा. अर्क पिवळा-नारिंगी असेल, शोषण ४४० नॅनोमीटरच्या आसपास आणि वस्तुमानाचे शिखर १२५५ ला असेल, तर बहुधा जुनेच अ‍ॅक्टिनोमायसिन डी हाती आले आहे. ४६७ ला शिखर आणि निळी चमक असेल तर स्टॉरोस्पोरिन या दुसऱ्या जुन्या रेणूचा संशय घ्या. जुना रेणू असा आधीच ओळखला की महिने वाचतात.

वाण दोन-तीनदा नव्या माध्यमावर वाढवल्यानंतर वर्तुळ नाहीसेही होते. म्हणून वाण मिळताच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठवा. काही रेणू पाण्यात टिकत नाहीत. सॅलिनोस्पोरामाइडचे बीटा-लॅक्टोन वलय तर लवकर फुटते. वाढीच्या काळातच माध्यमात लिटरला २० ग्रॅम एक्सएडी राळ (रेणू शोषणारे बारीक मणी) घातली तर ती रेणू धरून ठेवते. नंतर ती गाळून अ‍ॅसिटोनने धुवा.

पेटंटचा विचार असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीची चौकशी आताच करा.