जपानमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी : "आधी टुरिस्ट व्हिसावर जा" म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका

एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात त्यांची हकीकत अशी. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून पुढे सगळं इंग्रजीतून, बीए आणि एमए इंग्रजीत, मग दोन वर्षांचं बीएड, आणि सध्या शाळेत शिकवतायत. जपानमधल्या सरकारी शाळांना सहायक इंग्रजी शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत एजंटने त्यांचा ऑनलाइन इंटरव्ह्यू करून दिला, कंपनीने होकार दिला. आता एजंट म्हणतो की वर्क व्हिसाला वेळ लागतो, तुम्ही टुरिस्ट व्हिसावर जा, पहिला महिना ट्रेनिंग म्हणून शिकवायला लागा, पेपर मागून होतील. फी १ लाख ८० हजार, त्यातले ६० हजार दिलेत, आणि पासपोर्ट त्याच्याकडे आहे. ताईंचा प्रश्न, जाऊ का?

नाही. तिकीट काढू नका आणि उरलेले पैसेही देऊ नका. का ते नीट सांगतो, कारण तुमचं जपानला जायचं स्वप्न यात मोडत नाहीये, फक्त हा रस्ता चुकीचा आहे.

टुरिस्ट व्हिसासारख्या शॉर्ट टर्म व्हिसावर जपानमध्ये मोबदला घेऊन काम करताच येत नाही. त्याला ट्रेनिंग म्हणा, ट्रायल म्हणा, स्टायपेंड म्हणा, वर्गात उभं राहून शिकवलं आणि त्याचे पैसे घेतले की ते काम झालं. बिनपरवाना काम करणाऱ्याला तिथल्या इमिग्रेशन कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि देशाबाहेर काढलं तर साधारणपणे ५ वर्षं परत प्रवेश नाही. कामावर ठेवणारी कंपनीही गुन्हेगार ठरते पण तिचं ऑफिस तिथंच राहतं, विमानात तुम्हाला बसवतात. आणि "मागून होतील" हे जे तो म्हणतो ना, शॉर्ट टर्म व्हिसावरून कामाच्या स्टेटसवर, म्हणजे तिथे राहून काम करायच्या परवानगीवर, जायला खास अपरिहार्य कारण असल्याशिवाय परवानगी द्यायची नाही असं कायद्यातच लिहिलंय, त्याच्या भरवशावर घर सोडून कुणी जाऊ नये.

आता एजंट हे का करतोय? तुमचे पेपर वाचले आणि मला वाटतं कारण तिथंच आहे, त्याने तुम्हाला ते सांगितलेलं नाही इतकंच. जपानमध्ये सरसकट "वर्क व्हिसा" असं काही नसतं, कामागणिक वेगळं स्टेटस असतं. सरकारी शाळेत शिकवायचं तर "इन्स्ट्रक्टर" स्टेटस लागतं, शाळेत थेट नेमणूक असो वा कंपनीमार्फत. आणि त्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्यासाठी अट अशी की जी भाषा शिकवायची त्याच भाषेच्या माध्यमातून तुमचं स्वतःचं किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. म्हणजे इंग्रजी विषय होता एवढं पुरत नाही, सगळं शिक्षणच इंग्रजीतून. तुमची बेरीज करू. अकरावी बारावी २, बीए ३, एमए २, बीएड २, झाली ९. तीन वर्षं कमी पडतात. तुमचं इंग्रजी कितीही उत्तम असलं, तुम्ही शिक्षिका म्हणून कितीही चांगल्या असलात तरी ही अट कागदावर मोजली जाते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत एमए करणाऱ्या किती मुलामुलींना ही अट आडवी येते आणि कुणी आधी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही मेलच्या शेवटी लिहिलंय की एजंट "शाळेचा इंग्रजी माध्यमाचा दाखला बनवून देतो" म्हणाला. याला तर अजिबात हात लावू नका. खोट्या कागदावर मिळालेलं स्टेटस नंतर कधीही रद्द करता येतं, आणि इथे भारतात खोटा दाखला बनवणं आणि वापरणं दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, त्यात नाव एजंटचं नाही तर दाखल्यावर ज्याचं नाव आहे त्याचं आधी येतं.

मग कायदेशीर रस्ता कुठला? खाजगी इंग्रजी संभाषण शाळा आणि भाषेचे क्लासेस. तिथे लागतं ते "इंजिनिअर, स्पेशालिस्ट इन ह्युमॅनिटीज, इंटरनॅशनल सर्व्हिसेस" हे स्टेटस, आणि त्यात ती १२ वर्षांची अट नाही. एरवी या गटातल्या कामांना ३ वर्षांचा अनुभव लागतो पण भाषांतर, दुभाषेपण आणि भाषा शिकवणं यासाठी पदवीधराला तोही माफ आहे. तुमच्याकडे तर पदवी, एमए, बीएड सगळं आहे. पगार मात्र त्याच कामाला जपानी माणसाला मिळतो त्यापेक्षा कमी नसावा, हीसुद्धा कायद्याचीच अट आहे. इंग्रजी तुमची मातृभाषा नाही म्हणून अधिकारी जास्त पुरावे मागू शकतात, तेव्हा मार्कशीट, शिकवण्याच्या अनुभवाची पत्रं, आयईएल्ट्स किंवा टोईक या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर असं सगळं जोडून ठेवा.

क्रम असा. आधी नोकरी देणारी शाळा तिथल्या इमिग्रेशन ब्युरोकडे तुमच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी म्हणजे सीओई काढते. याला सरकारी फी नाही, साधारण १ ते ३ महिने लागतात, हल्ली ईमेलनेही येतं. एजंट "वेळ लागतो" म्हणतो तो हाच वेळ, आणि तो वाचवायचा नाही, थांबायचंय. मग सीओई घेऊन तुम्ही इथून व्हिसा काढायचा आणि सीओई निघाल्यापासून ३ महिन्यांत जपानमध्ये उतरायचं. नरिता, हानेदा, कानसाई अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच रेसिडेन्स कार्ड म्हणजे तिथं राहण्याचं ओळखपत्र हातात देतात. घर घेतलं की १४ दिवसांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि पुढे नोकरी बदललीत तर तेही १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मुदतवाढीच्या वेळी अडकतात.

पैशाचं आणि पासपोर्टचं. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला एमिग्रेशन ॲक्ट १९८३ खाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, त्याचा नंबर मागा आणि मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटलासुद्धा सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, पूर्ण रकमेची पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तुम्ही आत्ताच दुप्पट देऊन बसलाय. पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे, "बाकी फी द्या मग देतो" असं म्हणून तो अडवून ठेवायचा कुठल्याही एजंटला अधिकार नाही. आज रात्रीच त्याला व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर साधं लिहा : माझा पासपोर्ट ७ दिवसांत परत द्या, ६० हजारांची पावती आणि तुमचा नोंदणी क्रमांक पाठवा. भांडू नका, शिव्या नकोत, फोनवर तर काहीच नको, सगळं लेखी. टुरिस्ट व्हिसावर जा आणि दाखला बनवतो हे त्याने ज्या मेसेजमध्ये लिहिलंय त्याचे स्क्रीनशॉट काढा आणि मूळ चॅटही डिलीट करू नका. आठवड्यात पासपोर्ट आला नाही तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) यांच्या ऑफिसात दुसरी. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, २ वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात दाखल करायची फी नाही.

तुम्ही पाठवलेल्या करारात एक कलम आहे, वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ३ लाख येन भरायचे. जपानच्या लेबर स्टँडर्ड्स ॲक्टच्या कलम १६ प्रमाणे करार मोडला म्हणून आधीच ठरवलेला दंड घालताच येत नाही. नव्या शाळेच्या करारात असं काही दिसलं तर सही करण्याआधी काढून घ्यायला सांगा, नाही म्हणाले तर त्या शाळेबद्दल पुन्हा विचार करा.

शनिवार-रविवारी बाहेरच्या शिकवण्या घेऊ का, असंही विचारलंय. तुमच्या स्टेटसमध्ये बसणारं काम, म्हणजे दुसऱ्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवणं, चालतं पण मूळ शाळेच्या करारात त्याला मनाई नाही ना हे बघून घ्या. सरकारी शाळेत तासावर जायचं किंवा दुकानात, हॉटेलात काम करायचं असेल तर ते स्टेटसबाहेर जातं, त्याला इमिग्रेशनची वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती हातात येईपर्यंत एक तासही करू नका.